बाबा लाइव्ह आलेत!

यंदाच्या गॅदरिंगला आपली शॉर्ट फिल्म हॉरर-कॉमेडी असणार, ही बातमी आता मेसच्या मावशींपासून वर्कशॉपच्या सरांपर्यंत सगळ्यांना कळली आहे. गोष्ट थोडक्यात अशी : एक भोंदू बाबा मोबाईलवर लाइव्ह येऊन भुतं उतरवतो, भूत लागलेली माणसं भाड्याने आणलेली असतात, आणि एके रात्री भाड्याचं माणूस येतच नाही, खरंच भूत येतं. बजेट अकरा हजार रुपये. त्यातले दोन हजार नुसते बाबाच्या दाढीचे आणि धुराचे.

विषय एक नंबर आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ‘ही आली नावं ठेवायला’ असं बॉइज हॉस्टेलमधून सुरू होईल. पण मी पहिला ड्राफ्ट वाचला आणि त्यातल्या एका गोष्टीवरून मला भांडायचं आहे. खरं तर मीटिंगमधेच भांडायचं होतं, पण ऐन वेळी लाइट गेली आणि सगळे कॉरिडॉरमधे भुताचे आवाज काढत पळाले. म्हणून मग इथे. (कॉन्व्हेंटवाल्या मुलीने मराठी विभागात लेख दिला हे बघून काही जणांना आत्ताच भूत दिसलं असेल. अठ्ठ्याहत्तर म्हणजे किती हे मला अजून मनात इंग्रजीत करून बघावं लागतं, पण भांडता मात्र मराठीतच येतं.)

तर मित्र-मैत्रिणींनो, भुताला हसणं आपल्याकडे काही नवं नाही. ‘एक डाव भुताचा’ आला १९८२ मधे. अशोक सराफ भूत, दिलीप प्रभावळकर मास्तर, आणि लेखणी द. मा. मिरासदारांची. ते भूत मानगुटीवर बसणारं नाही, मास्तरांचा दोस्त होणारं आहे. मग १९९३ मधे महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’. तात्या विंचू माहीत नाही असा विद्यार्थी या कॉलेजात असेल तर त्याला ॲडमिशन मिळाली कशी हे तपासायला हवं. कल्पनेचं मूळ १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या इंग्रजी सिनेमात आहे हे खरं, पण रामदास पाध्यांचा बोलका बाहुला, मंत्र देणारा बाबा चमत्कार आणि घाबरून बोबडी वळलेला लक्ष्मीकांत बेर्डे, हे सगळं अस्सल आपलं. २००४ मधे ‘पछाडलेला’ आला. तो तर अजूनही रविवारी टीव्हीवर लागला की आमच्या घरी भाजी करपते.

या सिनेमांमधे आपण कोणाच्या बाजूने असतो ते आठवून बघा. ‘झपाटलेला’मधे लक्ष्या जीव तोडून सांगत असतो की बाहुला चालतो, बोलतो, आणि कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. आपण त्याच्या फजितीला हसतो, पण बाजू त्याचीच घेतो. झपाटलेला माणूस तिथे आपला माणूस असतो. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या ड्राफ्टमधे नेमकं हेच उलटं झालं आहे.

त्याआधी थोडं विषयांतर. लाइव्ह आणि भूत यांच्यावर परदेशात बरेच स्वस्तातले सिनेमे निघाले आहेत. ‘डेडस्ट्रीम’ (२०२२) व्हेनेसा आणि जोसेफ विंटर या नवरा-बायकोने केला आणि जोसेफनेच त्यात मुख्य काम केलं. एका बदनाम झालेल्या इंटरनेट स्टारला फॉलोअर परत मिळवायचे असतात, म्हणून तो भुताटकीच्या घरात एकटा रात्र काढायला जातो, सगळं लाइव्ह दाखवत. मधेच पळून जाता येऊ नये म्हणून स्वतःच्याच गाडीचे स्पार्क प्लग काढून अंधारात भिरकावतो. (मेकॅनिकलवाल्यांनी हा सिनेमा एवढ्यासाठी तरी बघावा.) ‘द क्लेन्सिंग अवर’ (२०१९) मधे तर आपलीच गोष्ट आहे : दोन मित्र, त्यातला एक खोटा फादर, दर भागात भाड्याचं माणूस आणून इंटरनेटवर भूत उतरवतात, आणि एकदा खरंच काहीतरी येतं. म्हणजे आपली स्टोरी अगदी ओरिजिनल आहे असं पोस्टरवर छापू नका, प्लीज.

पण माझा सगळ्यात लाडका आहे जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७). खर्च सुमारे तीस लाख येन, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्या लग्नाएवढा. सुरुवातीला ३७ मिनिटांचा एकच शॉट, कुठेही कट नाही, आणि तो इतका गचाळ वाटतो की आमच्या रूममधल्या दोघी झोपून गेल्या. त्यांना उठवून पुढचं दाखवलं तेव्हा त्या हसून हसून रडल्या. पुढे काय होतं ते अर्धंच सांगते : एका टीव्ही चॅनेलला झोंबींचा कार्यक्रम लाइव्ह आणि एका दमात हवा असतो, आणि तो करणाऱ्या बिचाऱ्यांची जी तारांबळ उडते तोच खरा सिनेमा. पैसे नसणं हीच तिथे गंमत झाली आहे. आपल्या नगरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. न्यू आर्ट्स कॉलेजात शिकतानाच नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘मॅडम, बजेट नाही’ हे कारण मला सांगू नका.

या तिन्ही परदेशी सिनेमांत हसू कोणाचं होतं? कॅमेरा धरणाऱ्याचं. व्ह्यूजसाठी लाळ गाळणाऱ्याचं.

आणि आता आपला ड्राफ्ट. एकूण अकरा सीन. त्यातल्या सहांमधे एक बाई केस मोकळे सोडून घुमते, डोळे फिरवते, पुरुषी आवाजात शिव्या देते, जमिनीवर लोळते, आणि बाबा तिचे केस धरून तिला मिरचीची धुरी देतो. विनोद काय, तर तिचं लोळणं. तिला नावसुद्धा नाही. स्क्रिप्टमधे लिहिलं आहे ‘झपाटलेली’. बाबाला नाव आहे, बाबाच्या चेल्याला आहे, कुत्र्याला पण आहे.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, ‘अगं पण बाईशिवाय भूत घाबरवत नाही.’ बाळा, तात्या विंचू एवढासा बाहुला होता आणि तीस वर्षं झाली तरी माझा मामा अंधारात बाहुलीशेजारी झोपत नाही.

दुसरा म्हणाला, ‘सिनेमाच तर आहे, सीरियसली काय घेतेस?’ त्याला उत्तर द्यायचं तर मला मागच्या सेमिस्टरला जावं लागेल. जे लिहिते आहे ते त्या मुलीला विचारून लिहिते आहे. नाव नाही, वर्ष नाही, ब्रांच नाही, ही तिची अट. तिने हा मजकूर वाचला आणि एक वाक्य दोनदा बदलायला लावलं.

सबमिशनचा आठवडा होता. रात्री दोनच्या सुमारास तिला त्रास झाला. श्वास पुरेना, बोटं वळून ताठ झाली, ती किंचाळत होती आणि कोणाला ओळखत नव्हती. दोघी पाण्याला धावल्या, एक रेक्टर मॅडमना उठवायला गेली, आणि कोणीतरी मोबाईल काढला. ४७ सेकंदांचा व्हिडिओ. खाली ओळ लिहिलेली : ‘रूममधे भूत, बाबा लवकर लाइव्ह या.’ मागे हसण्याचा आवाज आहे. डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितलं की हा पॅनिक अटॅक आहे. भीतीने श्वास फार जोरात सुरू झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हाताची बोटं अशी वळतात. भूत वगैरे नाही, बारावीचं केमिस्ट्री.

पण व्हिडिओ तोवर गेला होता. एका ग्रुपवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि चौथ्या दिवशी तिच्या गावात. आपण ती ओळ विनोद म्हणून लिहिली. गावाने ती रिपोर्ट म्हणून वाचली. घरचे न्यायला आले आणि डॉक्टरकडे नेण्याआधी तिला देवऋषीकडे नेलं. तिथे काय झालं ते ती सांगत नाही आणि मी विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ती परत आली. आता ती मेसमधे साडेसातला, दार उघडल्या उघडल्या जेवून घेते. तेव्हा तिथे कोणी नसतं.

व्हिडिओ डिलीट झाला म्हणतात. आपण टेलिकॉमवाल्यांनी तरी असं म्हणू नये. डिलीट होते ती आपल्या फोनमधली कॉपी.

हे वाचून कोणाला वाटेल की ही आता फिल्म बंद करा म्हणणार. नाही. उलट माझं म्हणणं आहे की ही फिल्म झालीच पाहिजे, फक्त कॅमेरा फिरवा. बाईकडून बाबाकडे, बाबाकडून बघणाऱ्यांकडे. भूत उतरवणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. नवीन आहे तो कोपऱ्यातला लाल ठिपका आणि त्याच्या शेजारी वाढत जाणारा आकडा. पूर्वी भगताला मिळायची कोंबडी, नारळ, सव्वा रुपया. आता लोक घरबसल्या गिफ्ट पाठवतात. जितकं ती बाई जास्त ओरडेल तितका आकडा वर. मग तिला बरं करून बाबाचा काय फायदा?

लाइव्ह मंत्रतंत्राचा आपल्या देशातला सगळ्यात गाजलेला प्रकार झाला ३ मार्च २००८ ला, इंडिया टीव्हीवर. मला वाटतं आपल्या दिग्दर्शकाने तो आधी बघायला हवा होता. सुरिंदर शर्मा नावाच्या तांत्रिकाने दावा केला की आपण मंत्राने तीन मिनिटांत माणूस मारू शकतो. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू त्याच स्टुडिओत होते. ते म्हणाले, मला मारून दाखवा. तीन मिनिटं झाली. तास झाला. चॅनेलने बाकीचे कार्यक्रम बाजूला ठेवले. तांत्रिक पाणी शिंपडतोय, चाकू फिरवतोय, डोकं दाबतोय, आणि हा माणूस हसतोय. मग तांत्रिक म्हणाला, खरा विधी मध्यरात्री उघड्यावर करावा लागतो. तोही केला. एडामारुकू जिवंतच. शेवटी तांत्रिकाने कारण दिलं की तुमच्यामागे कोणत्या तरी बलाढ्य देवाचं संरक्षण असणार. ते म्हणाले, मी तर नास्तिक आहे!

यापेक्षा चांगली हॉरर-कॉमेडी कोणी लिहू शकेल? एक पैसा सेटवर खर्च नाही. आणि बघा, ज्याच्यावर प्रयोग चालला होता तो माणूस स्वतः होऊन बसलेला, हसणारा, आणि केव्हाही उठून जाऊ शकणारा. आपल्या सीनमधली बाई उठून जाऊ शकत नाही. फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा आहे.

आता जरा शाळेतली गोष्ट. आमच्या कॉन्व्हेंटमधे नववीत सगळ्या जणी लपूनछपून ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) बघून आल्या होत्या आणि आठवडाभर कोणी एकटी टॉयलेटला जात नव्हती. सिस्टरना कळलं. आम्हाला वाटलं आता डायरीत रिमार्क. त्यांनी वर्गात खुर्ची ओढली आणि सांगितलं की चर्चमधे हा विधी बिशपच्या परवानगीशिवाय कोणत्याही फादरला करता येत नाही, आणि आधी आजार आहे का हे बघावं लागतं. पुढे मी यावर वाचलं. चर्चचा या विधीचा ग्रंथ १६१४ नंतर पहिल्यांदा १९९९ मधे नव्याने आला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की या विधीचा तमाशा होऊ देऊ नये, तिथे प्रसारमाध्यमांना येऊ देऊ नये, आणि हजर असलेल्यांनी नंतर बाहेर वाच्यता करू नये. भूत आहे की नाही यावर माझं आणि सिस्टरचं एकमत होणार नाही. पण भूत मानणाऱ्यांनीसुद्धा ‘कॅमेरा बाहेर ठेवा’ असा नियम केला, हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

आणि हे फक्त व्हॅटिकनचं शहाणपण आहे असं समजू नका. आमच्या मेसच्या मावशींच्या अंगात नवरात्रात देवी येते. मी त्यांना हे सगळं सांगितलं, तो व्हिडिओ, ती स्क्रिप्ट. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं अंगात आलं की बायका आडव्या उभ्या राहत्यात. पदर सावरत्यात, टेकू देत्यात, पाणी पाजत्यात. फोटू कोण काढीत न्हाई. तुमचं शिकल्याल्यांचंच उफराटं.’ मी त्यावर काय बोलणार? दोन पोळ्या घेऊन गप्प बसले. मला अंगात येणं पटत नाही, पण त्या आडव्या उभ्या राहणाऱ्या बायका पटतात. आज गाणगापूरला दुपारच्या आरतीच्या वेळचे, खांबांवर चढणाऱ्या, ओरडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ कोणीही घरी बसून बघू शकतो. त्या माणसांना कोणी विचारलं होतं?

जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल लिहिल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. कायद्याचं पूर्ण नाव इतकं लांब आहे की ते लिहिलं तर संपादक लेख कापतील. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कित्येक वर्षं खपून लोकांची मनं वळवली. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमधे कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी जूनमधे ‘झपाटलेला २’ थ्रीडीत आला होता. आपण तात्या विंचूला चष्मे लावून हसत होतो आणि तेव्हा हा कायदा विधिमंडळात रखडलेला होता, हे आता विचार करताना विचित्र वाटतं.

कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या मारहाणीची आहे : दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, केस उपटणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं. होय, आपला सीन नंबर सात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. आणि नुसतं करणाराच नाही, अशा गोष्टींचा प्रचार करणाराही त्यात येतो. हे वाचून लाइव्हच्या मागे फोन धरून उभ्या असलेल्या चेल्याचा चेहरा कसा होईल, तो सीन कोणीतरी लिहा ना!

बांधून ठेवणं म्हटलं की मला एरवाडी आठवतं. तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. मानसिक आजार असलेली माणसं तिथे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांना पळता आलं नाही. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला सरळ मनाई आहे, आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण हॉस्टेलच्या ग्रुपला कोण माध्यम म्हणणार?

बरं, फार गंभीर झालं. फिल्मकडे परत येऊ.

आपण इंजिनियर होणार आहोत तर आपली हॉरर-कॉमेडी इंजिनियरसारखी दिसू दे. एक, लाइव्ह हे कधीच लाइव्ह नसतं. व्हिडिओचे तुकडे होऊन सर्व्हरवरून येईपर्यंत काही सेकंद, कधी अर्धं मिनिट जातं. म्हणजे बाबाच्या मागे भूत उभं आहे हे बघणाऱ्यांना दिसतं तेव्हा ते तिथून निघून चेल्याच्या खुर्चीत बसलेलं असतं. कमेंटमधे लोक ‘मागे बघा, मागे बघा’ लिहितात, बाबा मागे बघतो, कोणी नाही, बाबा चिडतो. हा विनोद फुकट आहे, नेटवर्क्सच्या सिलॅबसमधे आहे.

दोन, भूत शोधणारे यूट्यूबवाले हातात दिवे लागणारा एक मीटर घेऊन फिरतात. तो बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजतो. खिशातला मोबाईल किंवा भिंतीतली वायरिंग त्याला पुरते. आपल्या हॉस्टेलच्या मेन बोर्डाजवळ नेला तर तिथे अख्खी स्मशानभूमी निघेल.

तीन, ही माझी आवडती गोष्ट. विक टँडी नावाचा एक ब्रिटिश इंजिनियर रात्री प्रयोगशाळेत एकटा काम करत असताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं व्हाइसमधे अडकवलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. दुसरा कोणी असता तर थेट देवऋषी गाठला असता. यानं शोधलं, तर नव्या एक्झॉस्ट फॅनमुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्‌झची स्थिर लहर तयार होत होती. फॅनचं माउंटिंग बदललं आणि भूत गेलं. १९९८ मधे त्याने त्यावर पेपर लिहिला. नंतरच्या प्रयोगांत इतरांना तसाच परिणाम नीट मिळाला नाही, ते जाऊ दे. मला त्याची रीत आवडते. घाबरला, तरी सकाळी परत गेला आणि मोजलं.

शूटिंगची जागा म्हणाल तर भिंगारसारखी जागा नाही. पाथर्डी रोडला लागलं की डोंगरावर चांदबीबी महाल दिसतो. सगळे महाल म्हणतात, पण ती आहे सलाबतखानाची कबर, निजामशाहीतल्या एका मंत्र्याची. चांदबीबीचा तिथे राहण्याशी काही संबंध नाही. कबरीचा महाल झालाच आहे, तर एका रीलमधे तिचा भूतबंगला व्हायला कितीसा वेळ? म्हणूनच म्हणते, तिथे शूट करा पण जागेचं खरं नाव पडद्यावर लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी फर्स्ट इयरची पोरं तिथे मीटर घेऊन जातील.

आणि गोष्ट? मी एक बदल सुचवते, घ्यायचा तर घ्या. भूत लागायला हवं ते चेल्याला, जो फोन धरतो त्याला. भूत अगदी सभ्य आहे. त्याची एकच अट आहे : लाइव्ह बंद करा, मी लगेच जातो. बाबाला भूत घालवायचं आहे, पण आकडा चाळीस हजारांवर गेलाय. बंद कसं करणार? बाबा भुताला म्हणतो, पन्नास हजार होऊ दे, मग जा. भूत घड्याळ बघतं. बघणारे घाबरून बाहेर पडावेत म्हणून भूत भयानक चेहरे करतं, तर बघणारे आणखीच वाढतात. बिचारं भूत रडकुंडीला येतं. त्या बाईचं म्हणाल तर तिला ठेवा, पण ती भाड्याने आलेली नटी असू दे, जिला हजार रुपये ठरवून पाचशेच दिलेत आणि जी अख्ख्या फिल्मभर दारात उभी राहून उरलेले पाचशे मागते आहे. तिचं नाव ठेवा. मी सुचवते, शैला.

ज्यांना रात्री-बेरात्री खरंच त्रास होतो, भीती वाटते, झोप येत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. रेक्टर मॅडमना मी विनंती केली आहे की प्रत्येक मजल्यावर, आरशाशेजारी, हा नंबर मोठ्या अक्षरांत लावावा, आणि त्याच्याखाली ‘आजारी मुलीचं शूटिंग करू नये’ एवढी एक ओळ. मॅडम म्हणाल्या, लेखी अर्ज दे. दिला आहे. सह्या ६३ झाल्यात. बॉइज हॉस्टेलच्या अजून आलेल्या नाहीत, कागद स्टेशनरीवाल्या काकांकडे ठेवला आहे.

दुसऱ्या ड्राफ्टचं वाचन येत्या शनिवारी रात्री नऊ वाजता, ड्रॉइंग हॉलमधे. लाइट गेली तरी होणार, मेणबत्त्या मी आणते. भुताच्या कामासाठी तिघांनी नावं दिली आहेत, शैलासाठी पाच जणींनी. बाबा मात्र अजून मिळालेला नाही. स्वतःची दाढी असणाऱ्यास प्राधान्य, दोन हजार वाचतील.